फरशी माझी, चकाकी त्याची

माझ्या साडूबद्दल सगळे चांगलंच बोलतात. मला ते कधी जमलं नाही. तोंडानं जमलं नाही ते लिहून तरी जमतंय का बघू, म्हणून हे लिहायला घेतलं.

तो फरशीला शेवटचा हात देणारा कारागीर. फरशी बसवणारा वेगळा, तो मी. जमीन पातळीत आणायची, माल कालवायचा, दोरी धरून एकेक लादी बसवायची, हातोड्याच्या दांड्यानं ठोकून पोकळ आवाज येतो का ऐकायचं, सांधे भरायचे आणि कंबर धरून घरी जायचं, हे माझं काम. मग हा येणार. हातात दोन डबे, काखेत कापडांचं गाठोडं. बूट दाराबाहेर काढून लोकरीचे जाड मोजे चढवणार. लादीवर राहिलेला सिमेंटचा पापुद्रा धुऊन काढणार, तिला सुकू देणार, मग पाणी आत जिरू न देणारा सीलर पाजणार, वरून चकाकीचे दोन हात देणार आणि शेवटी मोज्यांनी सरकत सरकत सगळी खोली घासून काढणार. चार दिवसांत मालक त्याचा हात हातात घेऊन म्हणणार, "काय फरशी झालीय हो." माझे चाळीस दिवस त्या चकाकीखाली गाडलेले. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात ते यालाच.

त्या मोज्यांवरून मी त्याला मनातल्या मनात मोजेराव म्हणायचो. एकदा घरात ते तोंडातून निसटलं. बायकोनं ते आपल्या धाकट्या बहिणीला सांगितलं, तिनं नवऱ्याला सांगितलं, आणि नवऱ्यानं ते हसत हसत ठेवूनच घेतलं. फोन केला की म्हणायचा, "दादा, मोजेराव बोलतोय." आपण टोमणा मारावा आणि समोरच्यानं तो बक्षीस म्हणून खिशात घालावा, यासारखा दुसरा अपमान नाही.

बरं, त्याला या धंद्यात आणला कोणी, तर मीच. आधी तो कपाटं, खुर्च्या पॉलिश करायचा. ते दुकान बंद पडलं तेव्हा बायको म्हणाली, "तुमच्या कामावर घेऊन जा ना त्यांना, चार ओळखी होतील." नेलं. हा आपला नव्या फरशीजवळ उकिडवा बसला, बोट पाण्यात बुडवून एक थेंब लादीवर सोडला. थेंब बघता बघता आत जिरला. "तहानलीय हो ही," हा म्हणाला. घरमालकीणबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी याच्याकडे असं पाहिलं, जणू याला फरशीचं मन कळतं. झालं. आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं नाही, पुढच्या बारा वर्षांत हळूहळू कळलं.

तो थेंब पुढे त्याची ओळखच झाली. काम सुरू करण्याआधी एक थेंब, तो जिरायचा. काम संपल्यावर एक थेंब, तो मण्यासारखा वरच बसायचा. बघायला घरातली सगळी माणसं गोळा व्हायची. मी तीस वर्षं हातोड्याच्या दांड्यानं लाद्या ठोकून ऐकतोय, पण त्यासाठी कोणी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आलेलं मला आठवत नाही.

सासूबाईंच्या स्वयंपाकघरातली फरशी मी लग्नाच्या वर्षी बसवून दिली होती. त्या वेळी त्या फक्त एवढंच म्हणाल्या होत्या, "दाराशी जरा उंच झालीय का?" झाली नव्हती. पुढे कित्येक वर्षांनी त्या फरशीवर धाकट्या जावयानं दोन दिवस काम केलं आणि सासूबाईंनी शेजारपाजार बोलावून दाखवलं. "माझ्या धाकट्या जावयानं नवी फरशी करून दिली," त्या सांगत होत्या. नवी म्हणे. मी तिथेच खुर्चीत चहा पीत बसलो होतो. तेवढ्यात हा म्हणतो, "आई, फरशी दादांचीच आहे. मी नुसती पुसली." त्यानं तर माझा आणखीच तिळपापड झाला. चांगल्या माणसाचा हेवा करणं फार जड जातं. वाईट माणसाला निदान शिव्या तरी घालता येतात.

त्या दिवशी घरी आल्यावर बायको आमच्या फरशीकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आपल्याकडे कधी करायचं?"

"आपल्या घरात मी बसवलेली फरशी आहे," मी म्हणालो. "तिला नटवायची गरज नाही."

त्यामुळे आमची फरशी अजून कोरीच आहे. तिच्यावर चहा सांडला की डाग आत जातो, आणि तो घासून झाला की बायको भांडी जरा जोरात ठेवते.

गेल्या वर्षी मला वाचनालयाच्या नव्या इमारतीचं काम मिळालं. वाचनाची मोठी खोली, भाजक्या मातीच्या लाद्या आणि एका भिंतीला सलग सहा खिडक्या. ग्रंथपालबाई कडक. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "माझ्या वाचकाच्या खुर्चीचा पाय डगमगला तर मी तुम्हालाच बोलावणार." खुर्ची डगमगण्याचं कारणच ठेवलं नाही मी. एका टोकाला गोटी ठेवली तर ती तिथेच बसून राहील, अशी फरशी बसवली. बाई बघायला आल्या, इकडून तिकडे चालल्या आणि म्हणाल्या, "रंग जरा मेल्यासारखा वाटत नाही का?"

भाजक्या मातीची कोरी लादी अशीच दिसते, असं मी सांगितलं.

"मग तिला चकाकी आणणारा कोणी आहे का तुमच्या ओळखीचा?"

आहे म्हणालो. तेव्हा मला खोटं बोलणं जमलं नाही. ते पुढे जमलं.

बाईंनी मोजेरावाला बोलावलं आणि त्याच्याशी बोलता बोलता एक गोष्ट सांगितली. वाचनालयाच्या पाच शाखा होत्या, आणि सगळ्या फरशांची देखभाल बघायला त्यांना कायमचा माणूस हवा होता. हाताखाली दोन जण, महिन्याचा पगार, स्वतः गुडघे टेकायचे नाहीत, नुसती नजर ठेवायची. ही खोली मनासारखी झाली तर ती जागा तुमची, बाई म्हणाल्या. त्याचे गुडघे तोवर कामातून गेले होते. आणखी दोन वर्षं असंच चाललं तर काठी घ्यावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. माझी मेहुणी मुद्दाम आमच्याकडे आली ही बातमी सांगायला.

"भाऊजी, एवढं एक काम नीट झालं की सुटलो आम्ही," ती म्हणाली. "रोज त्यांचे गुडघे शेकून माझेच हात भाजायची वेळ आलीय."

मी तोंडभरून "छान झालं" म्हणालो. पोटात मात्र दुखायला लागलं. गुडघे मलाही होतेच की. मला कोणी नजर ठेवायला बोलावलं नव्हतं.

आता माझी चूक सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापासून सुरू होतं. लाद्या मोजताना मी खिडक्यांखालचे कोनाडे धरायला विसरलो. तीस वर्षांच्या मिस्त्रीनं करावी अशी ही चूक नव्हे. लाद्या कमी पडल्या. त्याच भट्टीच्या पुन्हा मागवल्या, त्या यायला दोन आठवडे लागले. त्यामुळे खिडक्यांकडचा चार हात रुंदीचा पट्टा बाकीच्या फरशीनंतर पंधरा दिवसांनी बसला. तो मी रविवारी, दार लावून, एकट्यानं बसवला. कोणाला पत्ता लागू दिला नाही.

यात वावगं काय, असं कोणी विचारेल. नव्या फरशीच्या पोटात पाणी असतं. खालच्या मालातलं ते पाणी लादीतून हळूहळू वर येऊन उडून जावं लागतं, त्याला तीन आठवडे तरी जातात. त्याआधी वर सीलर चढवला तर पाणी आत कोंडतं आणि चकाकीखाली दुधाळ ढग धरतात. म्हणून मोजेराव काय करायचा, हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून फरशीवर डकवायचा आणि दुसऱ्या दिवशी उचलून बघायचा. खाली दव धरलेलं दिसलं की डबे उचलून सरळ घरी. मालकानं कितीही घाई केली तरी या बाबतीत तो कोणाच्या बापाचं ऐकायचा नाही.

तो कामाला आला त्या सोमवारी मी तिथेच हत्यारं आवरत होतो. त्यानं दाराजवळच्या कोपऱ्यात चार लाद्यांचा नमुना करून दाखवला. बाई आल्या, चष्मा काढून वाकल्या, त्या चार लाद्यांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आत्ता कुठे फरशीत जीव आला."

मी दोन पावलांवर थापी हातात घेऊन उभा होतो. जीव आला म्हणे. मग चाळीस दिवस मी काय मढं बसवत होतो? माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बाई गेल्या, आणि नेमका त्याच वेळी तो खिडक्यांकडे जाऊन उकिडवा बसला.

"दादा, हा पट्टा कधी बसवलात? सांधे जरा गडद दिसतायत इकडे."

त्याची नजरच तशी तीक्ष्ण होती. त्याला खरं सांगायचं तर लाद्या मोजायला मी चुकलो हे सांगावं लागणार होतं. तो हसला नसता. "होतं असं कधी कधी, दादा," म्हणाला असता. तेच मला नको होतं.

"सगळं एकदमच बसवलंय," मी म्हणालो. "तीन आठवडे उलटून गेले. उजेड तिरका पडतो, म्हणून दिसत असेल तसं."

त्याच्या हातात प्लास्टिकचा तुकडा होता. त्यानं त्याच्याकडे एकदा पाहिलं, घडी घातली आणि पिशवीत परत ठेवला.

"तुम्ही म्हणताय म्हटल्यावर हे कशाला. तुमच्याइतकी फरशी कळते कोणाला?"

असं कोणीतरी म्हणावं म्हणून मी आयुष्यभर थांबलो होतो. म्हटलं कोणी, तर त्यानं, आणि केव्हा, तर मी त्याच्याशी खोटं बोललो तेव्हा. "थांबा, लावा प्लास्टिक," एवढे तीन शब्द बोलायचे होते. मी थाप्या पुसत राहिलो. त्याचं वाटोळं व्हावं असं माझ्या मनात नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. थोडं डागळावं, बाईंनी नाक मुरडावं, आणि एकदा तरी कोणीतरी म्हणावं की चकाकी फसली पण फरशी बघा कशी एका पातळीत आहे, एवढंच हवं होतं. आता लिहून पाहिल्यावर तेही काही कमी वाटत नाही.

काम झाल्यावर नवव्या दिवशी बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. खिडक्यांकडचा सगळा पट्टा पांढुरका पडला होता. कोणीतरी दूध सांडून मळक्या फडक्यानं पुसावं तसा. बाकीची फरशी इतकी सुरेख होती की तो पट्टा आणखीच डोळ्यात भरत होता. तो खाली बसला, बोटानं घासून पाहिलं. त्या बाजूला त्यानं सीलरचा दुसरा डबा फोडला होता. तो डबा आणून त्यानं हुंगला, हलवला, उजेडात धरला. डब्यात काही खोट नव्हती. मग त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"दादा, तीन आठवडे झाले होते ना नक्की?"

"झाले होते," मी म्हणालो. पहिल्यांदा रागात बोललो होतो, दुसऱ्यांदा पूर्ण शुद्धीत.

तो भिंतीला धरून उठला आणि बाईंना म्हणाला, "मग माझाच हात चुकला. खालचा वाळायच्या आत वरचा दिला असणार. फरशी चोख आहे, दोष माझा."

सहा दिवस तो खिडक्यांकडचा पट्टा खरवडत होता. रसायन ओतायचं, गुडघ्यांवर बसून ब्रशनं घासायचं, पुसायचं, पुन्हा ओतायचं. तोवर फरशी खरोखरच सुकली होती, त्यामुळे दुसऱ्यांदा केलेलं काम आरशासारखं झालं. पण वाचनालयाचं उद्घाटन पुढे गेलं होतं, बाईंना वरच्यांची बोलणी खावी लागली होती, आणि देखभालीची जागा एका साफसफाईच्या कंपनीला देऊन झाली होती.

त्यानंतर त्यानं कुठलंच काम घेतलं नाही. गुडघ्यांमुळे असेल, असं आम्ही सगळ्यांनी धरलं. मेहुणी एका शिंप्याकडे काजं-बटणं करायला जाऊ लागली. मी नातं म्हणून दर आठवड्याला त्यांच्याकडे चहाला जायचो. मागच्या पडवीत भिंतीला टेकवलेल्या वीस-पंचवीस सुट्या लाद्या दिसायच्या, प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीनं तारीख लिहिलेली. मला वाटलं, लपूनछपून छोटी कामं घेतोय. इकडे माझे मालक मला विचारायचे, "तुमचे साडू कुठे असतात?" मी दुसऱ्या कोणाला तरी पाठवायचो, आणि ते म्हणायचे, "झालं ठीक, पण त्यांच्यासारखं नाही." माणूस घरात बसला होता, तरी वाहवा त्याचीच.

चार महिन्यांनी बाईंचा निरोप आला. त्या कंपनीची माणसं फरशीवर कसलातरी साबण ओततात आणि पळतात, त्या वैतागल्या होत्या. "देखभालीला तुम्ही या," त्या मला म्हणाल्या. "तुम्ही जबाबदार माणूस आहात."

पाच शाखा, हाताखाली दोन जण, गुडघे टेकायचे नाहीत. समोर ठेवलेला चहा मी बाजूला सरकवला. मी बाईंना सगळं सांगितलं. कोनाडे, कमी पडलेल्या लाद्या, रविवार, आणि दोनदा बोललेलं खोटं.

बाई हसल्या. "ते म्हणालेच होते."

"काय म्हणाले होते?"

"शेवटच्या दिवशी डबे न्यायला आले तेव्हा. म्हणाले, आमचे दादा मोठ्या मनाचे आहेत, एखाद दिवस येऊन दोष स्वतःवर घेतील, तुम्ही ऐकू नका." त्यांनी चष्मा पुसून परत लावला. "दोन दिवस विचार करा आणि सांगा."

मी पुन्हा सांगायला लागलो तर त्या कौतुकानं मान हलवू लागल्या. चोरानं कबुली द्यावी आणि लोकांनी टाळ्या वाजवाव्यात, तसं चाललं होतं. या माणसानं मला वाईट ठरायचीही सोय ठेवली नव्हती. मी तिथून तडक त्याच्या घरी गेलो.

तो पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून मटार सोलत होता. गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी होती.

"बसा ना दादा."

"बसत नाही," मी म्हणालो. "खिडक्यांकडचा पट्टा मी नंतर बसवला होता. लाद्या कमी पडल्या होत्या. तुम्ही सीलर पाजलात तेव्हा त्याला आठ दिवस झाले होते. मी तुम्हाला मुद्दाम खोटं सांगितलं. मला तुमचं बघवत नव्हतं."

मी शिव्या खायच्या तयारीनं गेलो होतो. अंगावर धावून आला असता तरी मी हात उचलला नसता.

"आठ?" त्यानं विचारलं.

"आठ."

त्यानं मटाराची वाटी खाली ठेवली आणि स्वतःचा उजवा हात समोर धरून बघत राहिला. उलटा केला, सुलटा केला. मग आत हाक मारली, "अगं, बाहेर ये जरा." मेहुणी आली.

"त्या पट्ट्याला आठच दिवस झाले होते," तो तिला म्हणाला. "माझा हात गेला नव्हता. ऐकलंस का? हात चांगला आहे माझा."

ती मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. तो उठला, पिशवी जमिनीवर पडली तिकडे त्याचं लक्षही नव्हतं, आणि लंगडत पडवीत गेला. तिथून लाद्या उचलल्याचे आवाज यायला लागले. मग दारातून मान आत घालून मला म्हणाला, "उद्या दहा वाजता बाईंकडे या. माझ्यासमोर सांगा." आणि पुन्हा लाद्यांकडे गेला.

मेहुणीनं डोळे पुसले. "चार महिने रोज एक लादी करून बघत होते," ती म्हणाली. "एकीवरही ढग आला नाही, तरी त्यांना खरं वाटत नव्हतं. म्हणायचे, हात कधी दगा देईल सांगता येत नाही, लोकांची घरं कशाला बिघडवू. आणि भाऊजी, तुम्ही दर आठवड्याला इथे येऊन चहा पीत होतात."

मी जमिनीवर पडलेली पिशवी उचलून खुर्चीवर ठेवली. पडवीत तो एकेक लादी उजेडाला धरून बघत होता आणि एकटाच हसत होता. इतकं हलकं हसायला मला आयुष्यात कधी जमलेलं नाही. खरं सांगतो, त्या घडीलासुद्धा मला त्याचा हेवा वाटला.